तिथी बघून गरवायला जा: खाडीतला जिताडा ल्युअरवर कसा घ्यायचा

रॉड विकत घ्यायच्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका काढा आणि आज तिथी कोणती ते बघा. खाडीतला जिताडा मासा त्या तिथीवर चालतो, तुमच्या रविवारवर नाही. एवढं कळायला माझे दोन हिवाळे गेले. त्या दोन हिवाळ्यांत भारी रॉड, जपानी रीळ आणि डबाभर रंगीत ल्युअर, म्हणजे नकली आमिषं, घेऊन मी एकूण तीन शिंगाळे आणि एक सिमेंटची गोण पकडली.

हा लेख फक्त एका प्रकाराबद्दल आहे: रायगडाकडच्या खाडीत, काठावर उभं राहून, नकली आमिषानं जिताडा गरवणं, म्हणजे गळानं पकडणं. होडी, जाळं, वाळूवरून शिसं लांब फेकून तासन् तास बसणं, हे सगळे वेगळे धंदे आहेत आणि त्यातले माझ्यापेक्षा जाणते लोक गावोगाव आहेत.

आधी नावाचा घोळ मिटवू. यूट्यूबवर 'बास फिशिंग' टाकलं की अमेरिकेतल्या तळ्यांमधला लार्जमाउथ बास दिसतो. तो नावाचाच बास. प्राणिशास्त्र त्याला सनफिशच्या कुळात घालतं. आपला जिताडा म्हणजे एशियन सीबास, लेट्स कॅल्करिफर. गोव्यात चोणाक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, ते सगळे हाच मासा. लार्जमाउथ आणि जिताडा यांचं नातं लांबचं, पण सवयी सख्ख्या भावांसारख्या. दोघंही आडोशाला दबा धरून बसतात, सावज जवळ आलं की जबडा उघडून पाण्यासकट आत ओढतात, गरी (गळाचा काटा) लागली की हवेत उडून डोकं झटकतात. म्हणून अमेरिकेतल्या तळ्यांसाठी निघालेली बरीचशी हत्यारं इथं जशीच्या तशी चालतात. फक्त तळ्याला भरती-ओहोटी नसते. तिकडचे व्हिडिओ बघून शिकलेला माणूस खाडीवर नेमका तिथंच आपटतो.

मासा कुठं बसतो

जिताडा खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, खाजणांत, ओढ्यांत, पार गोड्या पाण्यापर्यंत चढतात आणि तिथं वाढतात. म्हणजे वर्षभर हा मासा खारं आणि गोडं पाणी जिथं मिसळतं त्या पट्ट्यात कुठं ना कुठं असतो. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, खाली बाणकोट, दाभोळ, जयगड, कोणतीही खाडी घ्या, नकाशावर तो पट्टा बोटानं दाखवता येतो: जिथं तिवरांची दाटी आहे, बाजूला भातशेती आहे आणि मधून बांध गेलाय.

त्या बांधात उघाडी असते. ज्यांनी खारेपाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीकाठानं मातीचा बांध घालतात आणि आतलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्यात जागोजाग झापेचा दरवाजा ठेवतात. भरती चढली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झाप आपोआप बंद होते. ओहोटी लागून बाहेरची पातळी आतल्यापेक्षा खाली गेली की आतलं पाणी झाप ढकलून बाहेर पडतं. त्या पाण्याबरोबर कोळंबी, बोयटं, खेकड्यांची पिल्लं, सगळं घरंगळत खाडीत येतं. जिताड्याला फिरून शिकार करण्याची हौस नाही. ताट समोर येत असेल तर तो समोर तोंड करून बसतो.

उघाडी नसेल तर हेच चित्र लहान आकारात शोधा. ओहोटीला तिवरांतून बाहेर पडणारा बारका ओहोळ. जेट्टीचा खांब. जुन्या पुलाचा पाया. वाहतं पाणी आणि निवांत पाणी एकमेकाला घासून जातात तिथं पृष्ठभागावर एक रेघ दिसते. फेस, पानं, काड्या त्या रेघेवर गोळा होतात. मासा निवांत बाजूला, नाक रेघेवर. नवीन जागेवर मी हल्ली पहिली १५ मिनिटं रॉड उघडतही नाही. बांधावर बसून सुकं पान पाण्यात पडलं की ते कुठं जातं, कुठं अडतं, कुठं उलटं फिरतं, ते बघतो.

शक्य असेल तर पूर्ण ओहोटीला एकदा रिकाम्या हातानं जाऊन या. भरतीच्या पाण्याखाली दिसत नसलेला खड्डा, पडलेला ओंडका, कालवांनी भरलेला दगड तेव्हा उघडा पडतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मासे तिथंच असतात आणि ल्युअरही तिथंच अडकतात.

तिथीचा हिशेब

किनाऱ्यावरचा जुना आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबई-अलिबागच्या बाजूला प्रत्यक्ष भरती या हिशेबापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा होते आणि खाडीत जितकं आत जाल तितका आणखी उशीर. पक्क्या आकड्यासाठी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक आहेच, पण चहाच्या टपरीवर शनिवारचा बेत ठरवायला पाऊणपट पुरते.

वेळेइतकाच पाण्याचा जोरही महत्त्वाचा. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं. मुंबईच्या आसपास तेव्हा भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. मालवणकडे तो याच्या निम्म्यानं. उधाणाला रायगडच्या खाड्या अक्षरशः चहा होतात, गढूळ आणि पळत्या. जिताडा तेव्हाही असतो, पण त्याला ल्युअर दिसत नाही आणि तुम्हाला तो टिकवता येत नाही. उलट नवमी-दशमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, पाणी इतकं मंद की उघाडीची झाप नुसती कुरकुरते. माझी पसंती या दोहोंच्या मधल्या दिवसांना: षष्ठी, सप्तमी, अष्टमी. पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं, धार असते आणि आणखी एक मोठा फायदा म्हणजे भरती नेमकी पहाटे पूर्ण होते. उजाडता उजाडता ओहोटी लागते. ऊन चढायच्या आत सगळा कारभार आटोपतो.

उघाडीवर मात्र भरती संपल्या संपल्या हात चालवू नका. झाप उघडायला बाहेरचं पाणी बरंच खाली जावं लागतं, त्यात दोन-अडीच तास जातात. तोवर तिवरांच्या कडेनं गरवा. झाप उघडल्यापासूनचा पहिला तास हा सोन्याचा.

महिने कोणते? पाऊस ओसरल्यापासून दिवाळीपर्यंत उत्तम. आतल्या शेतांत अजून पाणी असतं, उघाड्या वाहत्या असतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी गारठतं, मासा सुस्तावतो. तेव्हा घरी बसून गाठी शिका. मार्चनंतर पुन्हा हालचाल सुरू होते आणि पहिल्या वळवाच्या पावसानं खाडीत गोड्या पाण्याचा लोट आला की दोन-तीन दिवस वेड्यासारखे चावे मिळतात. भर पावसाळ्यात मी जात नाही. बांधावरची शेवाळ आणि खाडीचा लोंढा, दोन्हींशी माझं एकेकदा बोलणं झालंय.

हत्यारं

दुकानदार तुम्हाला बारा फुटी रॉड दाखवेल, कारण समुद्रावर शिसं फेकणारे तोच घेतात. तिवरांच्या गर्दीत तो बांबूसारखा अडकतो. तुम्हाला हवा सात फुटांच्या आसपासचा, मीडियम-हेवी, १० ते ३० ग्रॅमची ल्युअर फेकू शकणारा स्पिनिंग रॉड. रीळ ३००० किंवा ४००० आकाराचं. महागडं नको, पण ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरा सोडणारा ब्रेक) गुळगुळीत हवा: दुकानातच दोरा हातानं खेचून बघा, अडकत-सुटत येत असेल तर ठेवून द्या. सुरुवात करणाऱ्याला सात-आठ हजारांत दोन्ही येतं. त्यावर खर्च करण्याआधी चांगले बूट घ्या, त्याबद्दल पुढे.

दोरा ब्रेडेड (विणलेला), ३० पाउंडांचा ताण सोसणारा. साधा तंगूस (नायलॉनचा दोरा) ताणला जातो, त्यामुळे २५ मीटरवरचा हलका चावा हाताला कळत नाही आणि मासा मुळांत शिरत असताना तुम्ही रबर ओढत बसता. ब्रेड ताणत नाही. पण कालवाच्या धारेला तो लागला की कापसासारखा तुटतो, म्हणून पुढे दीड मीटर ४० पाउंडांचा जाड तंगूस किंवा फ्लुरोकार्बन लीडर लावायचाच. लीडरचं खरं काम माशाच्या तोंडाशी आहे. जिताड्याला कापणारे दात नाहीत. ओठ पॉलिशपेपरसारखे खरखरीत असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी. १० मिनिटं त्या ओठांवर घासलेला लीडर बोटांच्या चिमटीतून ओढून बघा, केसाळ लागेल. प्रत्येक माशानंतर तेवढा तुकडा कापून नवी गाठ मारायची. कंटाळा केला की पुढचा, हमखास मोठा, मासा तेवढ्यावरच सुटतो.

ड्रॅग किती घट्ट? सामान मोजायचा हुकाचा काटा घ्या, दोऱ्याचं टोक त्याला बांधा, रॉड वाकवून ओढा. काटा ३ किलो दाखवत असताना रीळ दोरा सोडू लागलं पाहिजे. अंदाजानं घट्ट केलेला ड्रॅग एक तर फार सैल असतो नाही तर फार कडक. माझा कडक होता. पहिला खरा जिताडा मी दिसण्याआधीच घालवला. हिसका बसला, टक् झालं आणि हातात हलका रॉड. गरीचे तीनही काटे चमच्यासारखे सरळ.

म्हणून ल्युअरबरोबर येणाऱ्या तिहेरी गऱ्या तपासा. स्वस्त ल्युअरवरच्या गऱ्या नखानं वाकतात. त्या काढून जाड तारेच्या बसवा आणि काट्याची उलटी नांगी पकडीनं दाबून टाका. नांगी दाबली तर मासे सुटतात असं म्हणतात. दोरा ताणलेला ठेवला तर सुटत नाहीत. आणि ती गरी माशाऐवजी तुमच्या अंगठ्यात शिरली तर सरळ मागे निघते. न दाबलेली गरी अंगठ्यात घेऊन ४० किलोमीटर मोटरसायकल चालवल्यापासून मी या विषयावर वाद घालत नाही.

एक गाठ, पण नीट

ब्रेड आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ पुरते: ब्रेडकडून आठ वेढे, लीडरकडून चार, दोन्ही ओले करून सावकाश ओढायचे. शौकीन लोक एफजी गाठीचं कौतुक करतात, ती बारीक होते आणि रॉडच्या कड्यांतून सहज जाते, पण वाऱ्यात, चिखलाच्या हातांनी ती मारता येत नाही. घरी शिका, खाडीवर युनी मारा.

ल्युअरला मात्र फासाची गाठ हवी. गाठ ल्युअरच्या डोळ्याशी, म्हणजे दोरा ओवायच्या कडीशी, आवळली की जाड लीडर ल्युअरला काठीसारखं धरून ठेवतो आणि ते हलत नाही. कृती अशी. लीडरच्या टोकापासून वीतभर मागे एक साधी सैल गाठ घाला, आवळू नका. टोक ल्युअरच्या डोळ्यातून ओवा. आता तेच टोक त्या सैल गाठीतून परत आणा, ज्या बाजूनं बाहेर आलं होतं त्याच बाजूनं आत. डोळ्याशी करंगळी जाईल एवढा फास राहू द्या. टोकाचे मूळ दोऱ्याभोवती चार वेढे घ्या, मग टोक पुन्हा त्याच सैल गाठीतून, पुन्हा त्याच बाजूनं. थुंकी लावा, टोक ओढून वेढे बसवा आणि शेवटी मूळ दोरा ओढून आवळा. ल्युअर त्या फासात झुलताना दिसलं पाहिजे. टीव्हीसमोर बसून २० वेळा करा. एकविसाव्या वेळी अंधारात जमते.

ल्युअर: तीन पुरेत

डबा भरू नका. पहिलं, चार इंची मऊ रबरी मासा, शेपटी पॅडलसारखी, १० ग्रॅमच्या जिगहेडवर, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गरीवर. दुसरं, १० सेंटीमीटरच्या आसपासचं बुडणारं कडक मिनो, म्हणजे बारक्या माशासारखं ल्युअर. तिसरं, पाण्यावर तरंगणारं पॉपर किंवा स्टिकबेट, भरती टेकलेली, म्हणजे पूर्ण होऊन थबकलेली, असताना संधिप्रकाशात वापरायला. रंगाबद्दल मासे जेवढे बोलत नाहीत तेवढे दुकानदार बोलतात. गढुळात काळपट किंवा सोनेरी, निवळ पाण्यात बोयटासारखा रुपेरी. संपलं.

तिवरांच्या मुळांत उघडी गरी फेकली तर ती मुळांतच राहते. त्यावर तोडगा टेक्सास रिगचा. रबरी किडा मुळात अमेरिकेतल्या बाससाठी निघाला: १९४९ साली ओहायोतल्या ॲक्रनमध्ये निक क्रीम नावाच्या माणसानं घरच्या स्वयंपाकघरात प्लास्टिक वितळवून तो बनवला. पुढे टेक्सासच्या झाडाझुडपांच्या तलावांत गरवणाऱ्यांनी त्यात गरी लपवायची ही पद्धत रुळवली. करायचं इतकंच: रुंद पोटाची एकेरी गरी घ्या, टोक रबरी माशाच्या नाकात घालून अर्ध्या सेंटीमीटरवर खालून बाहेर काढा, गरी पूर्ण ओढून फिरवा आणि टोक परत अंगात असं खुपसा की ते पाठीच्या जरा आत राहील. मासा सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर पाण्यात भोवऱ्यासारखा फिरतो आणि दोऱ्याला पीळ घालतो. पुढे दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं ओवा. आता हे मुळांवरून घसरत येतं. जिताड्यानं चावलं की रबर दबतं आणि टोक बाहेर येतं.

फेक आणि ओढ

आता मुद्द्याचं. माझे दोन हिवाळे जिथं वाया गेले ते इथं.

उघाडीवर एक काका येत. लुंगी, डोक्याला टॉवेल, हातात पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, पुढे गरी आणि गरीत जिवंत कोळंबी, शेपटीतून ओवलेली. रॉड नाही, रीळ नाही. मी चाळीस फेका करायचो तेवढ्यात ते दोन करत आणि जाताना पिशवी जड असे. एका सकाळी माझं चमकणारं मिनो धारेतून वर खेचलं जाताना बघून ते म्हणाले, "पोरा, आदी पानी बग." मी म्हटलं, बघतोय की काका. "खय? कोलबी कदी पान्याचे उलटी धावतं काय रं?"

कोळंबी धारेविरुद्ध पळत नाही. बोयटाचं पिल्लूही त्या लोंढ्यात वर चढत नाही. जे येतं ते पाण्याबरोबर खाली येतं, आणि जिताडा धारेकडे तोंड करून त्याचीच वाट बघत असतो. मी उघाडीच्या बाजूला उभा राहून खाडीत लांब फेकत होतो आणि ल्युअर धारेविरुद्ध ओढत होतो. म्हणजे ते माशाच्या पाठीमागून येऊन त्याच्या डोक्यावरून पुढं पळत होतं.

तेव्हापासून मी जागा बदलली. धारेच्या कडेला, उघाडीपासून १०-१५ मीटर खाली उभं राहायचं. फेक वर, उघाडीच्या तोंडाच्या जरा बाजूला. ल्युअर पाण्यात पडलं की लगेच ओढायचं नाही. धार त्याला आणते. रीळ फक्त सैल पडलेला दोरा गोळा करण्याइतकं फिरवायचं. रॉडचं टोक दहाच्या काट्यावर, दोरा ताठ नाही आणि लोंबतही नाही, त्यावर डोळा. जिगहेड तळाला टेकलं की दोरा क्षणभर थबकतो. टोक थोडं उचला, पुन्हा वाहू द्या. रेघ आली, म्हणजे वाहत्या-निवांत पाण्याची सीमा, की ल्युअरला तिथं गोल वळण मिळतं. दहातले सात चावे त्या वळणावर.

मिनो असेल तर दोन छोटे झटके, मग थांबा. थांबा म्हणजे खरंच थांबा, मनात तीन मोजा. नवख्याला थांबवत नाही. आपल्याला वाटतं ल्युअर नुसतं पडलंय, मासा बघतोय आणि ओळखेल. तो बघत असतो हे खरं, पण चावा त्या थांबण्यातच येतो.

पॉपरवर भरती टेकलेली असताना वेगळी गंमत. कडेच्या मुळांना जवळजवळ लागेल असं फेकायचं, पाण्यावरच्या लाटा विरेपर्यंत गप्प बसायचं, मग एक 'बुळुक'. पुन्हा गप्प. जिताडा वर येऊन घेतो तेव्हा दगड पडल्यासारखा 'भॉक्' आवाज होतो आणि ल्युअरच्या जागी खड्डा दिसतो. हात आपोआप हिसका देतो, आणि ल्युअर उडून तुमच्या टोपीला लागतं. आवाजाला हिसका द्यायचा नाही. वजन हाताला लागलं की मग.

एकाच जागी २० फेका करूनही काही नाही? तर जागा बदलण्याआधी कोन बदला. तीन पावलं खाली सरका. मासा असतो, पण ल्युअर त्याच्या ताटाबाहेरून जात असतं.

लागल्यावर

पहिले १० सेकंद त्याचे आहेत. तो मुळांकडे किंवा खांबाकडे धावतो आणि तुम्ही फक्त कोन बदलू शकता: रॉड आडवा, त्याच्या धावेच्या उलट बाजूला, पाण्याला समांतर. रॉड आकाशाकडे उभा धरून फोटोसाठी वाकवणं विसरा. अंगठ्यानं रिळाची चकती किंचित दाबून आणखी थोडा ताण देता येतो, पण ब्रेड बोटात धरू नका, हाड दिसेपर्यंत कापतो.

दोरा अचानक वर चढू लागला की तो उडणार. टोक ताबडतोब खाली, पाण्याजवळ. हवेत तो कल्ले फाकून डोकं झटकतो तेव्हा त्यांचा खडखडाट ऐकू येतो. त्या क्षणी दोरा ताठ असेल तर गरी निघते किंवा लीडर कापला जातो. सैलही नको. वाकून नमस्कार केल्यासारखं थोडं पुढं झुका, एवढंच.

काठाशी आणल्यावर घाई करू नका, माणूस दिसला की तो हमखास शेवटची धाव घेतो. ड्रॅग अर्धा फेरा सैल केलेला बरा. मग ओठ पकडायचा चिमटा किंवा दांड्याची रबरी जाळी. कल्ल्यात बोटं घालून उचलू नका. माशासाठीही वाईट आणि तुमच्या बोटांसाठी त्याहून. पाठीवरचा पहिला पर काटेरी असतो, पंजा त्यावर टेकू नका. दुसरा हात पोटाखाली. टॉर्चच्या उजेडात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात, तो फोटो पहिल्या माशाचा सगळेच काढतात. काढा, पण तेवढ्या वेळ स्वतः श्वास रोखून धरा. तुमचा दम संपला की त्याचाही संपत आलाय असं समजा.

ठेवायचा की सोडायचा? जिताडा जन्मतः नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. साधारण ८०-९० सेंटीमीटरच्या पुढचा मासा बहुधा मादीच. असा एक मासा घरी नेला की खाडीतली लाखो अंडी नेली. माझा नेम असा: हातभर लांबीच्या आतला सोडायचा, मोठी मादी सोडायची, मधला एखादा घरी. पेण-अलिबागकडे गमतीनं म्हणतात की साहेबाकडे जिताडा पोचला की फाइल हलते. त्या हिशेबानं मी बऱ्याच फायली पाण्यात सोडल्या आहेत. सोडताना तोंड धारेकडे करून धरा, फेकू नका. शेपटीनं तो स्वतः हाताला ढकलतो तेव्हा सोडायचा.

चिखल, कालवं आणि लोक

बूट. गमबूट खाडीच्या चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. घोट्याच्या वर येणारे, नाडीचे, जाड तळव्याचे जुने बूट घ्या. अनवाणी तर मुळीच नाही. तिवराची श्वासमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात आणि कालवाची जखम आठवडाभर पिकते. निवटी मासे उड्या मारतात त्या ओल्या, चकचकीत चिखलावर पाय देण्याआधी काठी खुपसून बघा. गुडघ्यापर्यंत गेलात तर ओढाओढ करू नका, मागे रेलून बसा, वजन पसरवा आणि एकेक पाय हलवत सोडवा.

शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा-पाऊण तास बुडवा, वेदना उतरते, मग डॉक्टर. महाडजवळ सावित्रीत आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरी आहेत. तिथं काठाला उकिडवं बसून मासे धुणं नको, संधिप्रकाशात तर नकोच. उघाडीच्या झापेवर किंवा शेवाळलेल्या भिंतीवर उभं राहू नका. खाली पडलात तर ती धार माणसालाही कोळंबीसारखीच नेते.

तिवराची फांदी वाटेत येते म्हणून तोडायची नाही, कांदळवन कायद्यानं संरक्षित आहे. बांधाच्या आतल्या तळ्यांत दिसणारे जिताडे कुणीतरी पाळलेले असतात, तिकडे गरी टाकणं म्हणजे सरळ चोरी. आणि डोलीच्या किंवा दुसऱ्या कोणत्या जाळ्याच्या खुंटाजवळ ल्युअर अडकवून ते सोडवायला जाळं कापलंत, तर पुढच्या वेळी त्या गावात गाडी लावायला जागा मिळणार नाही. पहिल्यांदा जाल तिथं बांधावर जो कुणी भेटेल त्याला विचारून घ्या. दहातले नऊ जण जागाही दाखवतात.

घरी आल्यावर

रीळ गोड्या पाण्याच्या बारीक धारेखाली धरा, जोरदार फवाऱ्याखाली नाही. जोरानं मीठ आतच शिरतं. ड्रॅग आधी घट्ट करा म्हणजे त्यात पाणी जात नाही, आणि वाळल्यावर पूर्ण सैल करून ठेवा. ल्युअर बादलीत बुडवून काढा आणि डब्यात ओले ठेवू नका, एक गंजलेली गरी शेजारच्या चारांना गंजवते.

मग वही. तिथी, भरतीची वेळ, उघाडी कधी उघडली, पाणी कसं, काय चाललं. माझ्या वहीतली एक नोंद देतो:

कार्तिक वद्य सप्तमी. पाऊणपटीनं सव्वापाच, खाडीत सहाच्या जरा आधी भरती टेकली. कडेला पॉपरवर एक भॉक्, हिसका लवकर दिला, गेला. ८.२५ ला झाप उघडली. रबरी, काळपट, १० ग्रॅम. तिसऱ्या फेकीला वळणावर ५८ सेंटीमीटर, घरी. सव्वानऊला मोठा लागला, खांबाकडे गेला, दोरा घासला, सुटला. लीडर बदलला नव्हता. काका आले नव्हते.